‘बरं झालं’ इंग्रजीत सांगताना

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली रेल्वे सुटली. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी मिळाली होती ती १९९५ च्या सुमारास. २०२२ च्या सप्टेंबरात गाडी आष्टीपर्यंत पोचली आणि तिथून बीड गाठायला आणखी तीन वर्षं गेली. ज्यांनी तरुणपणी या रेल्वेसाठी घोषणा दिल्या ते आता नातवंडांचे आजोबा झाले आहेत. अशा माणसाच्या तोंडून त्या दिवशी सहज निघावं असं वाक्य म्हणजे, “लय बरं झालं बाबा, हे बघायला मिळालं.”

आता हेच वाक्य इंग्रजीत सांगायचं आहे असं समजा. आपल्यापैकी बहुतेक जण म्हणतील, ‘आय ॲम व्हेरी हॅपी टु सी धिस ट्रेन.’ व्याकरणात चूक नाही. पण तीस वर्षांची वाट पाहणं त्यात कुठे आहे? ‘मिळालं’ या क्रियापदातलं सुख कुठे आहे? इंग्रजी बोलणारा म्हातारा तिथे म्हणेल, ‘आय ॲम ग्लॅड आय लिव्ह्ड टु सी इट.’ हे बघायला मी जगलो, याचा मला आनंद आहे. सगळे शब्द शाळेतल्या पुस्तकातलेच आहेत, फक्त त्यांची मांडणी आपल्याला कोणी दाखवलेली नसते.

होऊन गेलेल्या गोष्टीबद्दलचा आनंद इंग्रजीत कसा सांगतात, एवढाच या लेखाचा विषय आहे. बीड, केज, माजलगाव, गेवराई इथून पुण्याला मुलाखतीसाठी जाणारी मुलं, दवाखान्यात परप्रांतीय डॉक्टरांबरोबर काम करणाऱ्या परिचारिका, परदेशातल्या मुलाकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणारे आईवडील, या सगळ्यांना हे रोज लागतं. आपली माणसं मनानं कोरडी नाहीत. उलट ‘बरं झालं’ आपण दिवसातून कितीदा म्हणतो याला गणती नाही. पण इंग्रजीत आलं की हा सगळा ओलावा ‘व्हेरी हॅपी’ या दोन शब्दांत कोंबला जातो, आणि समोरच्याला वाटतं की हा माणूस पाठ केलेलं बोलतोय. मला हे फार लागतं, कारण दोष मुलांचा नसतो.

मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं, ही रीत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आपल्याकडे मुरलेली आहे. तिच्यावर पिढ्या शिकल्या आणि चांगल्या शिकल्या. पण ‘बरं झालं’पाशी ती अडते. मराठीत आनंद घटनेला चिकटलेला असतो. जे झालं ते बरं झालं. कोणाला बरं वाटलं हे सांगावंच लागत नाही. ‘बरं झालं आलात’ या वाक्यात ‘मी’ कुठेच नाही. इंग्रजीत मात्र बोलणारा स्वतः वाक्याच्या तोंडाशी येतो: ‘आय ॲम ग्लॅड यू केम.’ म्हणून शब्दाला शब्द लावत गेलात तर ‘इट इज गुड हॅपन्ड’ असं काहीतरी अर्धवट हाती येतं.

‘आय ॲम ग्लॅड यू केम’ या वाक्यात दोन काळ आहेत, आणि ते वेगवेगळे धरायला शिकणं हेच खरं काम. ‘आय ॲम ग्लॅड’ हा भाग आजचा, आत्ताचा. ‘यू केम’ हा भाग झालेल्या गोष्टीचा. भावनेचा काळ एक, घटनेचा काळ दुसरा. घटना कालची असली तरी आनंद आज आहे, म्हणून ‘ॲम’. आणि आनंद आजचा असला तरी येणं होऊन गेलं आहे, म्हणून ‘केम’. आपली मुलं यात दोन तऱ्हांनी घसरतात. काही जण सगळंच वर्तमानात ओढतात, ‘आय ॲम ग्लॅड यू कम’. त्यातून ‘तुम्ही नेहमी येता ते बरं’ असा भलताच अर्थ निघतो. काही जण सगळंच भूतकाळात ढकलतात, ‘आय वॉज ग्लॅड यू केम.’ हे चुकीचं नाही, पण याचा अर्थ ‘तुम्ही आलात तेव्हा मला बरं वाटलं होतं’ असा होतो. पाहुणा दारात उभा असताना हे म्हणालात तर त्याला वाटेल, मग आता काय बिनसलं? गोष्ट सांगताना मात्र हेच वाक्य बरोबर: गेल्या दिवाळीत मामा आले, मी एकटाच होतो, ‘आय वॉज ग्लॅड ही केम.’

अविनाश साबळे यांचं उदाहरण घेऊ. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू सैन्यात गेल्यावर घडला. आधी क्रॉस कंट्री, मग ३००० मीटर स्टीपलचेस. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण गेलं ते सेकंदाच्या पाच शतांश भागाने. या शर्यतीतली तिन्ही पदकं १९९८ पासून प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्याच धावपटूंनी नेली होती. त्या दिवसाची हकिकत सांगताना आपण म्हणू, ‘द होल व्हिलेज वॉज डिलाइटेड.’ भावनाही तेव्हाची, घटनाही तेव्हाची. पण आज, इतक्या वर्षांनी, मांडव्यातला कोणी म्हणाला की ‘बरं झालं त्यानं स्टीपलचेस धरली’, तर ते ‘आय ॲम ग्लॅड ही स्विच्ड टु स्टीपलचेस.’ निर्णय जुना, त्याचा आनंद ताजा. या दोन वाक्यांतला फरक ज्याच्या कानात बसला त्याचं निम्मं काम झालं.

याच प्रसंगावरून शब्दयोगी अव्ययांचंही बघून घ्या. पदकावर समाधान असेल तर ‘हॅपी विथ द सिल्व्हर’. दुसऱ्याच्या आनंदात आपल्याला आनंद असेल तर ‘हॅपी फॉर हिम’. आपल्याकडे ‘हॅपी फॉर द सिल्व्हर’ आणि ‘हॅपी विथ यू’ अशी उलटापालट नेहमी ऐकू येते. मैत्रिणीला नोकरी लागली की ‘आय ॲम सो हॅपी फॉर यू’ म्हणायचं. ‘आय ॲम हॅपी विथ यू’ म्हणालात तर ‘मी तुझ्यावर खूश आहे’ किंवा ‘तुझ्यासोबत मी सुखात आहे’ असं ते ऐकू येईल.

‘ग्लॅड’ हा शब्द आपल्या वर्गांत फार दुर्लक्षित आहे. ‘हॅपी’ मोठा, सर्वसाधारण शब्द. माणूस एकूणच ‘हॅपी’ असू शकतो. ‘ग्लॅड’ला मात्र बहुतेक वेळा एखादं कारण लागतं, आणि ते कारण पुढच्या शब्दांत यावं लागतं. म्हणूनच झाल्या गोष्टीसाठी तो इतका चपखल बसतो. नामाच्या आधी तो सहसा येत नाही. ‘अ ग्लॅड मॅन’ असं आज कोणी म्हणत नाही. जोर द्यायचा तर ‘सो ग्लॅड’ किंवा ‘रिअली ग्लॅड’. ‘व्हेरी मच हॅपी’ आजपासून सोडून द्या. कार्यालयीन पत्रात ‘प्लीज्ड’, फार मोठा आनंद असेल तर ‘डिलाइटेड’ किंवा ‘थ्रिल्ड’. बोलताना ‘आय ॲम’ पूर्ण उच्चारू नका, ‘आय्म’ म्हणा. ‘दॅट’ तर बोलण्यात बहुतेक वेळा गळतोच: ‘आय्म ग्लॅड यू कॉल्ड.’

आता थोडं खोल जाऊ, कारण मराठीतली खरी गंमत ‘मिळालं’, ‘जमलं’, ‘वेळेत झालं’ अशा शब्दांत आहे. ‘बरं झालं, जाण्याआधी आजीची भेट झाली.’ हे ‘आय्म ग्लॅड आय मेट ग्रँडमदर’ नव्हे. भेट ‘झाली’ म्हणजे ती हुकू शकली असती, पण संधी मिळाली. इंग्रजीत ही संधी ‘गॉट टु’ने येते: ‘आय्म ग्लॅड आय गॉट टु सी हर बिफोर शी लेफ्ट.’ हा ‘गॉट टु’ इंग्रजी बोलणाऱ्यांच्या तोंडी सतत असतो आणि आपल्या तोंडी जवळजवळ नसतोच. ‘बरं झालं तुम्हाला यायला जमलं’ याला ‘आय्म ग्लॅड यू कुड मेक इट.’ लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला दारात उभं राहून प्रत्येक पाहुण्याला म्हणावं असं हे वाक्य आहे. आणि कोणी तुमचे आभार मानले, काम आधीच होऊन गेलं असेल, तर ‘ग्लॅड आय कुड हेल्प.’ इथे ‘ग्लॅड टु हेल्प’ही चालतं, पण त्यात ‘मदतीला मी केव्हाही आनंदानं तयार आहे’ हा भाव जास्त असतो. ‘ग्लॅड आय कुड’मध्ये ‘माझ्या हातून तुमचं काम झालं, बरं वाटलं’ हा.

दवाखान्यातलं वाक्य वेगळं सांगायला हवं. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण येतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात आसपासच्या तालुक्यांतून माणसं धावत येतात, आणि तिथला कोणीही डॉक्टर नातेवाइकांना सांगेल असं वाक्य म्हणजे, “बरं झालं, वेळेत आणलंत.” हा डॉक्टर उद्या परराज्यात किंवा परदेशात काम करू लागला तर काय म्हणेल? ‘इट्स अ गुड थिंग यू ब्रॉट हिम इन व्हेन यू डिड.’ शेवटचे तीन शब्द बघा, ‘व्हेन यू डिड’. तुम्ही आणलंत त्याच वेळी आणलंत हे बरं. जरा उशीर झाला असता तर कठीण होतं. आपल्या ‘वेळेत’ या एका शब्दाचं काम ते तीन शब्द करतात. आणि इथे ‘आय्म ग्लॅड’ऐवजी ‘इट्स अ गुड थिंग’ का? कारण डॉक्टर स्वतःच्या आनंदाबद्दल बोलत नाही, टळलेल्या संकटाबद्दल बोलतोय. मराठी ‘बरं झालं’च्या सर्वांत जवळचा इंग्रजी अवतार हाच, यातही ‘मी’ नाही. बोलताना तो ‘गुड थिंग’ एवढाच उरतो: ‘गुड थिंग वी टुक ॲन अम्ब्रेला.’

म्हणजे एक खूण धरून ठेवा. मराठीत जिथे तुम्ही ‘नशीब!’ म्हणाल तिथे ‘गुड थिंग’ किंवा ‘लकिली’. ‘नशीब, मोबाइल चार्ज केला होता.’ ‘नशीब, बस सुटली नव्हती.’ जिथे जीव भांड्यात पडतो तिथे ‘व्हॉट अ रिलीफ’ किंवा ‘आय्म रिलीव्ह्ड’. पोरगी रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघाली आणि सकाळी तिचा फोन आला: ‘आय्म रिलीव्ह्ड यू रीच्ड सेफली.’ जिथे कष्टाचं चीज होतं तिथे ‘इट पेड ऑफ’. जिथे सार्थक झालं असं वाटतं तिथे ‘इट वॉज वर्थ इट’. आणि सुंठीवाचून खोकला गेला तर ‘गुड रिडन्स’, पण हे जपून, कारण ते ज्याच्याबद्दल म्हणाल त्याच्या कानावर गेलं तर वैर पदरी पडेल.

‘एकदाचं’ हा आपला शब्द मला फार आवडतो. ‘झाली बाई परीक्षा एकदाची!’ यात संपल्याचा आनंद आहे. परीक्षा चांगली गेली की वाईट, तो प्रश्नच नाही. इंग्रजीत यासाठी ‘थँक गुडनेस दॅट्स ओव्हर’ म्हणतात. न्यूझीलंडचे तत्त्वज्ञ आर्थर प्रायर यांनी १९५९ साली नेमक्या याच शब्दांचं शीर्षक देऊन एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, हे वाक्य उच्चारणारा माणूस परीक्षा अमुक तारखेला संपली म्हणून सुस्कारा टाकत नाही. ती तारीख तर आधीपासून ठरलेलीच होती. ती आता मागे पडली, म्हणून तो सुटकेचा श्वास घेतो. काळाचं स्वरूप काय यावर तत्त्वज्ञांनी पुढे या उदाहरणाचा पुष्कळ खल केला. आपल्याला त्यातून एवढंच उचलायचं आहे की ‘एकदाचं’च्या वाक्यात इंग्रजी घटनेलाही वर्तमानात आणतं: ‘इट्स ओव्हर’, ‘इट्स डन’, ‘इट्स फायनली हिअर’. रेल्वेचंच बघा. गाडी आली एकदाची, आणि आता ती आहे: ‘आय्म ग्लॅड इट्स फायनली हिअर.’ इथे ‘केम’ म्हटलंत तर वाट पाहणं संपल्याचा भाव पातळ होतो.

न केलेल्या गोष्टींचा आनंद हा यातला सर्वांत नाजूक भाग. दिवाळीच्या आसपास आपल्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. मुलांना बरोबर न्यायचं की गावी आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहात ठेवायचं, हा दरवर्षीचा जीवघेणा निर्णय. ज्या आईनं मुलीला शाळेत ठेवलं आणि ती मुलगी पुढे परिचारिका झाली, ती आई म्हणेल, “बरं झालं, तिला फडात नेलं नाही.” मुलगी आपल्या सहकाऱ्यांना हे इंग्रजीत सांगेल तेव्हा ‘नॉट’ कुठे ठेवायचा? ‘माय मदर इज ग्लॅड शी डिडन्ट टेक मी विथ देम.’ नकार घटनेपाशी, आनंदापाशी नाही. ‘माय मदर इज नॉट ग्लॅड’ म्हटलं की आईचं सगळं आयुष्य उलटं होतं. हीच गोष्ट होकारी बाजूनंही सांगता येते आणि मला ती जास्त भावते: ‘शीज ग्लॅड शी केप्ट मी इन स्कूल.’ ‘केप्ट’ या क्रियापदात त्या माउलीची चिकाटी आहे.

याच जातीचं आणखी एक वाक्य जर-तरचं. ‘तिनं शाळेत ठेवलं नसतं तर मी आज इथे नसते.’ ‘इफ शी हॅडन्ट केप्ट मी इन स्कूल, आय वुडन्ट बी हिअर टुडे.’ पहिल्या भागात ‘हॅडन्ट’ आणि तिसरं रूप, दुसऱ्या भागात ‘वुडन्ट’. हा साचा अवघड वाटतो पण मराठी ‘नसतं तर… नसते’ याच्याशी तो अगदी जुळतो, म्हणून आपल्या मुलांना तो इतरांपेक्षा लवकर यायला हवा.

खड्डे कुठे आहेत तेही सांगतो. सर्वांत मोठा खड्डा ‘आय वुड हॅव लव्ह्ड टु कम’. ऐकायला हे फार गोड वाटतं, आणि पुष्कळ जण ‘मला यायला खूप आवडलं’ या अर्थानं ते वापरतात. अर्थ नेमका उलटा आहे: यायला आवडलं असतं, पण आलो नाही. लग्नाला जाऊन, जेवून, आहेर करून आल्यावर यजमानाला हा निरोप पाठवलात तर तो बुचकळ्यात पडेल. गेला असाल तर ‘आय लव्ह्ड बीइंग देअर’ किंवा सरळ ‘आय्म सो ग्लॅड आय केम.’

दुसरा खड्डा ओळखीचा. पहिल्यांदा भेटताना ‘नाइस टु मीट यू’, निघताना ‘नाइस मीटिंग यू’ किंवा ‘इट वॉज नाइस मीटिंग यू’. पहिल्यात भेट सुरू होतेय, दुसऱ्यात ती होऊन गेली आहे. मुलाखतीच्या खोलीतून निघताना ‘नाइस टु मीट यू’ म्हणाल्यानं कोणी नापास करणार नाही, पण दुसरं म्हणणारा उमेदवार कानाला वेगळा लागतो. तिसरा खड्डा ‘आय एन्जॉइड अ लॉट.’ ‘एन्जॉय’ला कर्म लागतं: ‘आय एन्जॉइड इट अ लॉट’, ‘आय एन्जॉइड द ट्रिप’. कर्म सुचलं नाही तर ‘आय हॅड अ ग्रेट टाइम’ म्हणून मोकळे व्हा. चौथा, ‘आय्म ग्लॅड फॉर युवर कमिंग’. हे दोन चांगल्या वाक्यांचं कडबोळं आहे. आभार मानायचे तर ‘थँक यू फॉर कमिंग’, आनंद सांगायचा तर ‘आय्म ग्लॅड यू केम.’

दुःखाच्या घरचं बोलणं वेगळं काढून सांगतो, कारण तिथली चूक कायम लक्षात राहते. दीर्घ आजारानंतर म्हातारं माणूस गेलं की आपण म्हणतो, “सुटले बिचारे. बरं झालं, हाल थांबले.” मराठीत यात माया आहे आणि ऐकणाऱ्यालाही ती कळते. हेच इंग्रजीत ‘आय्म ग्लॅड ही डाइड’ झालं तर अनर्थ. आनंद मृत्यूला जोडायचा नाही, वेदना थांबण्याला जोडायचा: ‘आय्म ग्लॅड हीज नॉट इन पेन एनी मोअर.’ तेही घरच्यांनी आधी असं काही म्हटलं तरच. आपण होऊन नको. आपण होऊन म्हणण्यासारखं वाक्य दुसरं आहे आणि ते फार सुंदर आहे: ‘आय्म ग्लॅड आय न्यू हिम.’ त्यांची माझी ओळख होती, हे माझं भाग्य. किंवा ‘आय्म ग्लॅड आय गॉट टु वर्क विथ हिम.’ परदेशी सहकाऱ्याचे वडील गेले, परगावच्या साहेबांच्या पत्नी गेल्या, अशा वेळी ‘सॉरी फॉर युवर लॉस’ लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं हे सुचत नाही. तिथे हे एक वाक्य आणि त्या माणसाची एखादी खरी आठवण लिहा.

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. आपल्याकडची कितीतरी मुलं दहावीनंतर डिप्लोमा करून थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकीला जातात. कितीतरी जण एमपीएससीच्या तयारीत वर्षं घालवून मग खासगी नोकरीकडे वळतात. मुलाखत घेणारा त्या वर्षांवर बोट ठेवतोच. तिथे मुलं एक तर गप्प होतात किंवा ‘सर, देअर वॉज सम प्रॉब्लेम’ म्हणून मान खाली घालतात. मान खाली घालायचं काही कारण नाही. ‘लुकिंग बॅक, आय्म ग्लॅड आय डिड द डिप्लोमा फर्स्ट. आय गॉट टु वर्क विथ मशीन्स अर्ली.’ मागे वळून पाहता, डिप्लोमा आधी केला हे बरंच झालं. यंत्रांवर लवकर हात बसला. किंवा एमपीएससीबद्दल: ‘आय डिडन्ट गेट सिलेक्टेड, बट आय डोन्ट रिग्रेट दोज इयर्स.’ निवड झाली नाही हे सरळ सांगायचं, आणि पुढच्याच श्वासात त्या वर्षांनी काय दिलं ते सांगायचं. ‘आय डोन्ट रिग्रेट’ हा ‘आय्म ग्लॅड’चाच सख्खा भाऊ, फक्त जरा गंभीर चेहऱ्याचा. यानंतर ‘बिकॉज’ आणि एक ठोस गोष्ट आलीच पाहिजे: रोज आठ तास बसायची सवय, राज्यघटनेचा अभ्यास, मराठी-इंग्रजी दोन्हींत टिपणं काढणं. नुसतं ‘ग्लॅड’ म्हणून थांबलात तर ते पोकळ वाटतं.

सरावासाठी पुस्तक लागत नाही. रात्री झोपण्याआधी दिवसभरात मनात आलेली ‘बरं झालं’ची वाक्यं आठवा. बाजारात लवकर गेलो ते बरं झालं, भाजी ताजी मिळाली. बिंदुसरेच्या पुलावर गर्दी होती, बरं झालं दुसऱ्या रस्त्यानं आलो. भावाला फोन केला ते बरं झालं. प्रत्येक वाक्याला आधी विचारा, आनंद आत्ताचा की तेव्हाचा? मग विचारा, गोष्ट झाली, झाली नाही, की एकदाची संपली? आणि शेवटी, हा आनंद माझा आहे की संकट टळल्याचा? या प्रश्नांची उत्तरं मिळाली की वाक्य आपोआप आकाराला येतं: ‘आय्म ग्लॅड आय वेंट अर्ली’, ‘गुड थिंग आय टुक द अदर रोड’, ‘आय्म ग्लॅड आय कॉल्ड हिम.’ वही घेऊन लिहायचं असेल तर लिहा, पण मोठ्यानं म्हणा. हे साचे जिभेवर बसतात, कागदावर नाही. घरात कोणी ऐकून हसेल याची काळजी करू नका, त्यालाही शेजारी बसवा आणि त्याचं ‘बरं झालं’ विचारा. आठवीतल्या मुलाला आणि सासूबाईंना एकाच वेळी शिकवता येईल असं इंग्रजीत फार थोडं आहे, आणि हे त्यातलं आहे.